भूमिदोषाचे शमन : जड धातूंनी दूषित शेतजमीन आणि खतांची योजना

काही वर्षांपूर्वी आमच्या औषधालयासाठी घेतलेल्या नीरब्राह्मीच्या एका खेपेचा प्रयोगशाळेचा अहवाल आला. ओळखीच्या सर्व कसोट्यांत द्रव्य उत्तम ठरले होते, परंतु कॅडमियमचे प्रमाण मर्यादेपेक्षा अधिक होते. नियमाप्रमाणे आम्ही ती खेप परत केली आणि आपले कर्तव्य पार पडले असे मानून मोकळे झालो. पुढे त्या शेतकऱ्याची भेट झाली तेव्हा सहज विचारले, त्या मालाचे काय केले? त्याने सरळपणे सांगितले, “बाजारात दिला, वैद्यबुवा. टाकून कसा देणार? तुमच्याच सांगण्यावरून तर लावली होती.”

त्या उत्तराने आम्ही अस्वस्थ झालो. आम्ही नाकारलेली ब्राह्मी नष्ट झाली नव्हती. ती दुसऱ्या गोणीत, दुसऱ्या नावाने, बहुधा आपल्याच एखाद्या वैद्यबंधूच्या घृतात किंवा चूर्णात गेली होती. ज्या जमिनीतून ती आली, त्या जमिनीत पुढील वर्षीही तेच पीक उभे राहणार होते. सदोष खेप परत पाठविल्याने एक औषधालय वाचते, रुग्ण वाचतोच असे नाही. दोष जेथे उत्पन्न होतो त्या भूमीपर्यंत गेल्याशिवाय या प्रश्नाची चिकित्सा होत नाही.

भूमीची चिकित्सा करण्याचे जे उपाय कृषिशास्त्राने अभ्यासिले आहेत, त्यांत खतांची योजना हा सर्वांत सुलभ व शेतकऱ्याच्या आवाक्यातील उपाय आहे. तो कोठे उपयोगी पडतो, कोठे अपायकारक ठरतो आणि आपण वैद्य व औषधनिर्माते यांनी त्यातील किती जाणून घेणे आवश्यक आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रश्न केवळ रसकल्पांचा नाही

जड धातूंचा विषय निघाला की आपले लक्ष प्रथम भस्मांकडे व रसकल्पांकडे जाते. २००४ मध्ये अमेरिकेतील बोस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांच्या तपासणीत १४ उत्पादनांत शिसे, पारा अथवा आर्सेनिक आढळले आणि त्यावरून मोठा गदारोळ झाला, हे आपणांस स्मरत असेलच. त्यानंतर भारत सरकारने निर्यात होणाऱ्या केवळ वनस्पतिज औषधांसाठी १ जानेवारी २००६ पासून जड धातूंची तपासणी अनिवार्य केली. परंतु २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, इंटरनेटवरून विकत घेतलेल्या १९३ उत्पादनांच्या दुसऱ्या अभ्यासातील एक बाब अधिक विचार करण्याजोगी आहे. रसकल्पांपैकी सुमारे ४१ टक्के उत्पादनांत धातू आढळले, हे अपेक्षितच होते. मात्र ज्यांत धातू घातलेलेच नव्हते अशा उत्पादनांतही सुमारे १७ टक्क्यांत ते आढळले. हे धातू कोणी बुद्धिपुरस्सर घातले नव्हते. ते कोठून तरी आले. त्या ‘कोठून तरी’ मध्ये यंत्रे, भांडी, धूळ व भेसळ यांच्याबरोबर शेतजमीनही आहे.

वनस्पतिज द्रव्यांसाठी आपल्याकडे मान्य असलेल्या मर्यादा अशा : शिसे १० पीपीएम, आर्सेनिक ३ पीपीएम, पारा १ पीपीएम आणि कॅडमियम ०.३ पीपीएम. एक पीपीएम म्हणजे एक किलो द्रव्यात एक मिलिग्रॅम. या मर्यादेच्या आत अहवाल आला की आपण निश्चिंत होतो. येथे थोडा हिशेब करणे उचित ठरेल. एखादा रुग्ण दिवसाला ६ ग्रॅम चूर्ण घेत असेल आणि त्यात शिसे बरोबर १० पीपीएम असेल, तर त्याच्या पोटात दररोज ६० मायक्रोग्रॅम शिसे जाते. जागतिक आरोग्य संघटना व अन्न आणि कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने २०१० मध्ये शिशाची पूर्वीची सह्य मर्यादा मागे घेतली, कारण ज्याखाली शिसे निरुपद्रवी असते अशी मात्रा ठरविता येत नाही. तेव्हा १० पीपीएम ही कायद्याची सीमा आहे, तिला आरोग्याची हमी समजता येत नाही. गर्भिणी, बालक आणि महिनोन्‌महिने रसायनसेवन करणारा रुग्ण यांच्या बाबतीत हा भेद विशेष महत्त्वाचा आहे.

कॅडमियमचा हिशेब वेगळा आहे. ०.३ पीपीएम असलेल्या ६ ग्रॅम चूर्णातून १.८ मायक्रोग्रॅम कॅडमियम मिळते. त्याच समितीची सह्य मर्यादा ६० किलो वजनाच्या मनुष्यास दिवसाला सुमारे ५० मायक्रोग्रॅम पडते. त्यामुळे मर्यादेतील द्रव्याचा वाटा अल्प आहे. परंतु कॅडमियम वृक्कांत साठते आणि तेथून अर्धे बाहेर पडण्यास १० ते ३० वर्षे लागतात. अन्न आणि धूम्रपान यांतून येणाऱ्या मात्रेत आपल्या औषधाने भर घालावी, हे कोणत्याही वैद्यास रुचणार नाही.

शोधन आणि शमन

भूमीच्या गुणदोषांचा विचार आपल्या शास्त्रास नवा नाही. जनपदोद्ध्वंसाच्या विवेचनात चरकांनी वायू, उदक व काल यांच्यासह देशाची विकृती सांगितली आहे. सुश्रुतांनी भूमिप्रविभागाच्या अध्यायात औषध कोणत्या भूमीतून घ्यावे व कोणत्या भूमीतून घेऊ नये याचे विवेचन करताना खड्डे, वारुळे, स्मशान, क्षारयुक्त जमीन इत्यादी वर्ज्य मानली आहेत. कारखान्याचे सांडपाणी वाहणारा नाला त्यांच्या काळी नव्हता. असता, तर त्याचा काठ या यादीत निश्चितच आला असता.

जमिनीतील जड धातूंवरील सर्व उपाय आपल्या परिचयाच्या दोन वर्गांत बसतात. दोष बाहेर काढणे हे शोधन, आणि दोष शरीरात राहू देऊन त्याचा प्रकोप थांबविणे हे शमन. शमनाने जिंकलेला दोष हेतू मिळताच पुन्हा कुपित होऊ शकतो, हे आपण जाणतोच. भूमीच्या बाबतीतही हे अक्षरशः खरे आहे. धातू हे मूलद्रव्य आहे. ते कुजत नाही, जळत नाही, जिवाणूंकडून खाऊन टाकले जात नाही. म्हणून कोणत्याही खताने, गोमूत्राने अथवा कुणपजलाने जमिनीतील शिसे किंवा कॅडमियम नाहीसे होते, असे म्हणता येत नाही. खत करते ते एवढेच की धातूचे रूप पालटते. पाण्यात विरघळणारा, मुळांना सहज मिळणारा धातू मातीच्या कणांशी वा अन्य द्रव्याशी बांधला जातो आणि वनस्पतीत कमी शिरतो. हे शमन आहे.

भूमीचे शोधन किती कष्टसाध्य असते याचे उदाहरण जपानमध्ये सापडते. तोयामा प्रांतात जिंझू नदीच्या पाण्यावर भातशेती होत असे. नदीच्या वरच्या भागातील कामिओका खाणीतून आलेले कॅडमियम त्या पाण्याबरोबर खाचरांत साठले. तेथील भात वर्षानुवर्षे खाणाऱ्या लोकांत, विशेषतः प्रौढ स्त्रियांत, वृक्कविकृती व अस्थिमार्दव होऊन असह्य वेदना होत. म्हणूनच त्या व्याधीस ‘इताई-इताई’, म्हणजे ‘दुखते, दुखते’, असे नाव पडले. १९६८ मध्ये जपान सरकारने तिचे कारण अधिकृतरीत्या मान्य केले. त्यानंतर ८०० हेक्टरांहून अधिक शेतीतील दूषित माती काढण्याचे अथवा चांगल्या मातीखाली गाडण्याचे काम १९७९ मध्ये सुरू झाले आणि ते २०१२ मध्ये संपले. हे शोधन करण्यास एका संपन्न राष्ट्रास ३३ वर्षे लागली. आपल्या दोन एकरांच्या शेतकऱ्यास ते शक्य नाही. त्याच्यासाठी हेतुपरिवर्जन व शमन हाच मार्ग उरतो.

आधी निदान

शमनाची योजना करण्यापूर्वी निदान निश्चित झाले पाहिजे. अहवालात शिसे अधिक आले म्हणजे जमीनच दूषित आहे, असा निष्कर्ष लगेच काढू नये. येथे औषधनिर्मात्यांच्या नित्य परिचयाची एक कसोटी उपयोगी पडते, ती म्हणजे आम्लात न विरघळणाऱ्या राखेचे प्रमाण. अश्वगंधा, शतावरी, सारिवा यांसारख्या मूलद्रव्यांत ही राख मर्यादेबाहेर असेल, तर मुळांना माती चिकटलेली आहे. अशा वेळी मोजले गेलेले शिसे बहुतांशी त्या मातीचे असू शकते. तेच द्रव्य स्वच्छ पाण्याने नीट धुऊन, वाळवून पुन्हा तपासावे. शिसे उतरले तर खतांचा विचार करण्याचे कारण नाही. काढणीनंतरची निगा सुधारणे पुरेसे आहे. धुऊनही ते उतरले नाही तर ते वनस्पतीच्या आत आहे, असे समजावे.

दुसरी कसोटी वनस्पतीच्या अंगाची आहे. शिसे बहुधा मुळांतच अडकते, पानांपर्यंत फार थोडे पोहोचते. म्हणून पानांच्या द्रव्यात शिसे अधिक आढळले तर धुळीचा संशय घ्यावा. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० मध्ये बंद झाले, परंतु त्यापूर्वी रस्त्यांच्या कडेला बसलेले शिसे मातीच्या वरच्या थरात टिकून आहे, आणि हमरस्त्याच्या कडेला द्रव्ये वाळत घालण्याची प्रथा अद्याप गेलेली नाही. कॅडमियम याच्या उलट, मुळांतून पानांत सहज चढते. पानांत कॅडमियम आढळले तर जमीन व पाणी यांकडे प्रथम पाहावे.

तिसरी गोष्ट जमिनीच्या प्रकृतीची. तिचा सामू हा येथे सर्वांत निर्णायक गुण होय. दख्खनच्या पठारावरील काळ्या जमिनीचा सामू सामान्यतः ७.५ ते ८.५ असतो, तीत चिकणमाती भरपूर असते आणि बऱ्याच ठिकाणी चुनखडी असते. अशा जमिनीत कॅडमियम व शिसे बांधलेल्या स्थितीत राहतात. कोकणातील जांभ्याची जमीन आम्लधर्मी असते. तेथे तेवढ्याच प्रमाणातील कॅडमियम वनस्पतीत अधिक शिरते. एकच खत दोन्ही ठिकाणी सारखे फळ देणार नाही, हे यावरून स्पष्ट व्हावे.

खतांची योजना

चुना : आम्ल जमिनीत कॅडमियम, शिसे, निकेल व जस्त यांची विद्राव्यता कमी करण्याचा हा पहिला उपाय आहे. चुन्याची भुकटी घालून सामू ६.५ च्या आसपास आणल्यास हे धातू मातीच्या कणांना घट्ट धरून राहतात. मात्रा मृदापरीक्षणावरूनच ठरवावी, कारण अतिरेकाने जस्त व लोह यांची कमतरता उत्पन्न होते. काळ्या, चुनखडीयुक्त जमिनीत चुन्याचा उपयोग नाही. चुन्याचा परिणाम कायमचाही नसतो. आम्लधर्मी खते व पाऊस यांनी सामू पुन्हा उतरतो आणि दोष पुन्हा प्रकट होतो, म्हणून दर काही वर्षांनी परीक्षण करून चुना पुन्हा द्यावा लागतो.

स्फुरद : शिशाच्या बाबतीत स्फुरदयुक्त खताचे कार्य विशेष आहे. विद्राव्य फॉस्फेट व शिसे यांच्या संयोगाने पायरोमॉर्फाइट नावाचे अत्यंत अविद्राव्य खनिज तयार होते. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील ओकलंड शहराच्या साउथ प्रेस्कॉट वस्तीत घरांभोवतीची माती शिशाने दूषित होती. तेथील पर्यावरण संरक्षण संस्थेने २०११ मध्ये माशांच्या हाडांची भुकटी मातीत मिसळून हाच उपाय योजला. हाडांतील फॉस्फेटने शिसे बांधले जाते. परंतु येथे मोठी सावधगिरी हवी. आर्सेनिक व फॉस्फेट यांची रासायनिक ठेवण सारखी असल्याने मातीच्या कणांवरील एकाच जागेसाठी त्यांची स्पर्धा होते. आर्सेनिक असलेल्या जमिनीत स्फुरद ओतल्यास बांधलेले आर्सेनिक सुटून पाण्यात येते. शिशावरील औषध आर्सेनिकाचा हेतू होते, ते असे. म्हणून कोणता धातू आहे हे निश्चित झाल्याविना स्फुरदाची अधिक मात्रा देऊ नये.

जस्त : कॅडमियम आणि जस्त ही रसायनशास्त्रातील भावंडे आहेत. मुळांत शिरण्याचा त्यांचा मार्गही बराचसा एकच आहे. जमिनीत जस्त कमी असले की तहानलेले मूळ कॅडमियम अधिक ओढून घेते. दक्षिण ऑस्ट्रेलियात जस्ताची कमतरता असलेल्या जमिनीत जस्त दिल्यावर गव्हाच्या दाण्यांतील कॅडमियम निम्म्यापर्यंत घटल्याचे १९९० च्या दशकातील प्रयोगांत दिसून आले. महाराष्ट्रातील पुष्कळ जमिनींत जस्ताची कमतरता आहे. म्हणून परीक्षणानुसार झिंक सल्फेट देणे हा अल्प खर्चाचा व पीकवाढीसही हितकर असा उपाय आहे. मात्र जस्त व कॅडमियम एकाच खनिजात सापडत असल्याने हलक्या प्रतीच्या झिंक सल्फेटमध्ये कॅडमियमच असू शकते. प्रमाणित मालच घ्यावा.

पालाश आणि नत्र : म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये क्लोराइड असते. क्लोराइड कॅडमियमशी विद्राव्य संयुग बनवून त्यास मुळांपर्यंत पोहोचविते. ऑस्ट्रेलियात खारट पाण्यावर वाढलेल्या बटाट्यांत कॅडमियम अधिक आढळण्याचे कारण हेच होते. म्हणून कॅडमियमचा संशय असलेल्या किंवा पाणी मचूळ असलेल्या जमिनीत मूलद्रव्ये घ्यायची असतील, तर सल्फेट ऑफ पोटॅश श्रेयस्कर आहे. नत्राच्या बाबतीत अमोनियम सल्फेटसारखी खते जमीन आम्ल करतात व धातू मोकळे करतात. जेथे चुना देऊन सामू वाढवावयाचा आहे तेथेच अमोनियम सल्फेट देणे म्हणजे वमन व स्तंभन एकाच वेळी योजण्यासारखे आहे.

सेंद्रिय खते : चांगले कुजलेले शेणखत व कंपोस्ट यांतील सेंद्रिय कर्ब कॅडमियम, शिसे व पारा यांना धरून ठेवतो. क्रोमियमच्या बाबतीत सेंद्रिय पदार्थ अधिकच उपकारक ठरतो. कातडी कमावण्याच्या उद्योगांच्या परिसरात आढळणारे विषारी सहासंयुजी क्रोमियम त्याच्या योगाने त्रिसंयुजी, कमी विषारी व कमी विद्राव्य रूपात पालटते. परंतु सेंद्रिय पदार्थ स्वतः कुजून संपतो, म्हणून तो दरवर्षी दिला पाहिजे. एकदाच पाच गाड्या टाकून पुढे विसरून जाणे उपयोगाचे नाही.

सिलिकॉन व पाण्याचे नियोजन : आर्सेनिक पाणथळ जमिनीत मोकळे होते व सिलिकॉनच्या वाटेने भाताच्या मुळांत शिरते. म्हणून सिलिकॉनयुक्त खत किंवा भाताच्या तुसातील सिलिकॉन जमिनीस परत दिल्यास भातातील आर्सेनिक घटते. कॅडमियमचे वर्तन विपरीत आहे. ते पाणथळ स्थितीत बांधले जाते व जमीन सुकली की मोकळे होते. पश्चिम बंगालमधील अथवा छत्तीसगडच्या अंबागड चौकी भागातील आर्सेनिकयुक्त भूजलावर वाढलेली ब्राह्मी, मंडूकपर्णी, वेखंड यांसारखी पाणथळ जागेतील द्रव्ये घेताना आर्सेनिकाची तपासणी अवश्य करावी.

खतच जेव्हा हेतू होते

औषधाचा अतियोग वा मिथ्यायोग व्याधी उत्पन्न करतो. खतांचेही तसेच आहे. स्फुरदयुक्त खते ज्या रॉक फॉस्फेटपासून बनतात, त्यात निसर्गतःच कॅडमियम असते. सागरी गाळापासून बनलेल्या खडकात ते अधिक व ज्वालामुखीजन्य खडकात कमी असते. न्यूझीलंडमध्ये नाउरू बेटावरील कॅडमियमबहुल खडकापासून केलेले सुपर फॉस्फेट कुरणांवर दशकानुदशके टाकले गेले. परिणामी जनावरांच्या वृक्कांत कॅडमियम साठले, आणि ३० महिन्यांहून अधिक वयाच्या जनावरांची वृक्के मनुष्याच्या आहारासाठी वर्ज्य करावी लागली. युरोपीय संघाने १६ जुलै २०२२ पासून स्फुरदयुक्त खतांत एक किलो स्फुरदामागे (पी२ओ५ या हिशेबाने) ६० मिलिग्रॅम कॅडमियमची मर्यादा लागू केली आहे.

या मर्यादेइतके कॅडमियम असलेले खत हेक्टरी ५० किलो स्फुरद या प्रमाणात दिल्यास वर्षाला ३ ग्रॅम कॅडमियम जमिनीत पडते. हेक्टरच्या वरच्या १५ सेंटिमीटर थरातील मातीचे वजन सुमारे २० लाख किलो धरले, तर वाढ वर्षाला ०.००१५ पीपीएम होते. शंभर वर्षांत ती ०.१५ पीपीएम होईल. म्हणजे येथे घाबरण्याचे कारण नाही, परंतु दुर्लक्ष करावे असेही नाही.

आता शहरी कंपोस्टचा हिशेब पाहावा. आपल्या खत नियंत्रण आदेशानुसार शहरी कंपोस्टमध्ये किलोमागे कॅडमियम ५ मिलिग्रॅम व शिसे १०० मिलिग्रॅमपर्यंत चालते. या मर्यादेला टेकलेले कंपोस्ट हेक्टरी १० टन टाकले, तर एका वर्षात ५० ग्रॅम कॅडमियम व १ किलो शिसे जमिनीत जाते. कॅडमियमची ही भर वरील स्फुरदखताच्या सोळापटींहून अधिक आहे, आणि सर्व काही कायदेशीर! सर्वच कंपोस्ट असे असते असे आमचे म्हणणे नाही. ओला कचरा वेगळा करून केलेले कंपोस्ट पुष्कळ स्वच्छ असते. परंतु बॅटऱ्या, रंग व धातूंचे तुकडे मिसळलेल्या कचऱ्याचे खत ‘सेंद्रिय’ या एका शब्दावर औषधी शेतात जाऊ नये. सेंद्रिय प्रमाणपत्र म्हणजे धातूविरहिततेचे प्रमाणपत्र नव्हे, हे आपण खरेदीदारांनी विशेषतः लक्षात ठेवावे.

शोधन करणाऱ्या वनस्पती आणि आपला बाजार

जमिनीतील धातू शोषून घेण्यासाठी काही वनस्पतींची लागवड केली जाते. त्यांत मोहरी व सूर्यफूल यांची नावे नेहमी येतात. दूषित जमीन व खाणींचे ढिगारे स्थिर करण्यासाठी वाळा जगभर लावला जातो, कारण त्याची खोल मुळे माती व धातू दोन्ही धरून ठेवतात. येथे आपल्यासाठी धोक्याची सूचना आहे. जी मुळे धातू धरून ठेवतात तीच आपले उशीर हे द्रव्य आहे. अशा लागवडीतील वाळा उशीरासवात अथवा षडंगोदकात येता कामा नये. नीरब्राह्मीही पाण्यातील व चिखलातील धातू शोषून घेण्यात तत्पर आहे. सांडपाण्याच्या काठी ती जोमाने वाढते, आणि तिचा तो हिरवा जोम पाहूनच आम्ही स्वतः फसलो होतो. शोधनासाठी लावलेले पीक औषधात, वैरणीत किंवा कंपोस्टमध्ये जाणार नाही याची व्यवस्था आधी करावी आणि मगच ते लावावे.

औषधनिर्मात्यांनी काय करावे

वरील विवेचनावरून आम्ही आमच्या खरेदीत काही नियम पाळू लागलो आहोत. ते येथे देत आहोत.

१. द्रव्य कोणत्या शेतातून आले, पाणी विहिरीचे की नाल्याचे, आणि गेल्या तीन वर्षांत कोणती खते पडली, याची नोंद खरेदीपत्रकावरच घ्यावी.

२. नवीन शेतकऱ्याशी करार करण्यापूर्वी लागवडीआधी माती व पाणी यांचे परीक्षण करावे. सामू, सेंद्रिय कर्ब, उपलब्ध जस्त, तसेच शिसे, कॅडमियम व आर्सेनिक पाहावे. मातीतील एकूण धातूबरोबर डीटीपीए द्रावणात उतरणारा धातूही मोजून घ्यावा. मुळांना काय मिळू शकते याचा अंदाज त्यावरून अधिक येतो. आर्सेनिकासाठी मात्र ही पद्धत उपयोगाची नाही.

३. परीक्षणाचा खर्च शेतकऱ्यावर टाकू नये. एका नाकारलेल्या खेपेच्या नुकसानीपुढे तो अल्प असतो.

४. खतांची मात्रा वैद्याने ठरवू नये. कृषी विद्यापीठ अथवा कृषी विज्ञान केंद्रातील मृदातज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. आपण त्यांना धातूचे नाव, वनस्पतीचे उपयुक्त अंग व आपली मर्यादा सांगावी.

५. उपाययोजनेनंतर पहिल्या पिकाचे परीक्षण करावे आणि पुढेही दरवर्षी करीत जावे. शमन झालेला दोष पुन्हा उठू शकतो.

६. ज्या जमिनीत धातू फार आहे तेथे औषधी वा खाद्य पीक घेऊच नये. असाध्यास असाध्य म्हणणे हाही चिकित्सेचाच भाग आहे.

७. आणि शेवटचे : खेप नाकारली तर ती कोठे जाते याची चौकशी करावी. शक्य असल्यास ती मूल्य देऊन ताब्यात घ्यावी व सुरक्षितपणे नष्ट करावी.

आरंभी सांगितलेल्या शेतकऱ्याकडे आम्ही पुढील वर्षी मृदातज्ज्ञांना घेऊन गेलो. नाल्याकाठचा तो तुकडा लालसर, आम्ल मातीचा निघाला. वरच्या अंगाला धातूंना मुलामा देण्याचे छोटे उद्योग होते व त्यांचे पाणी नाल्यात येत असे. ब्राह्मी तेथून हलवून विहिरीच्या पाण्यावरील वाफ्यांत लावली. नाल्याचे पाणी बंद केले, हे सर्वप्रथम. नंतर तज्ज्ञांच्या सांगण्यावरून त्या तुकड्यात चुना, कुजलेले शेणखत व झिंक सल्फेट देण्यात आले, आणि आता तेथे हारांसाठी झेंडू घेतला जातो. विहिरीवरील ब्राह्मी तेव्हापासून तपासणीत मर्यादेच्या आत राहिली आहे. त्या तुकड्यातील कॅडमियम मात्र आजही तेथेच आहे, आणि शेतकऱ्याच्या नातवाच्या काळीही ते तेथेच असेल. आम्ही दोघेही हे जाणतो, म्हणून दरवर्षी उन्हाळ्यात मातीचा नमुना काढला जातो.

निदान, हेतुपरिवर्जन, शमन आणि पुनःपुन्हा परीक्षण हा क्रम आपण रुग्णाच्या बाबतीत पाळतोच. ज्या भूमीतून आपले औषध येते तिलाही एक रुग्ण मानून तिची विचारपूस करावी, एवढीच आमची सर्व वैद्यबंधुभगिनींस व औषधनिर्मात्यांस विनंती आहे.